सिंथेसायझरची पहिली जुळणी

सतार किंवा व्हायोलिन विकत घेणाऱ्याला तयार वाद्य मिळते. मॉड्यूलर सिंथेसायझर घेणारा मात्र वाद्याचे सुटे अवयव घेतो आणि वाद्य स्वतः जुळवतो. या अवयवांना मॉड्यूल म्हणतात. एक मॉड्यूल नाद उत्पन्न करते, दुसरे तो गाळते, तिसरे त्याचा जोर कमी-अधिक करते. प्रत्येकाच्या दर्शनी पट्टीवर फिरवावयाची बटणे आणि गोल छिद्रे असतात. एका छिद्रातून दुसऱ्या छिद्रात लहानशी जोडतार खोचली, की त्या दोन अवयवांचा संबंध जुळतो. तार उपटली, की तो तुटतो. पट्ट्या असलेली पेटी किंवा तारा लावलेला भोपळा येथे नसतो. वाद्याचे रूप कोणते असावे, हे सर्वस्वी जुळवणाऱ्याच्या हाती असते. नवशिक्याची पंचाईतही येथूनच सुरू होते. बाजारात शेकडो मॉड्यूल उपलब्ध आहेत; साधे मॉड्यूल शंभर डॉलरच्या आसपास पडते, गुंतागुंतीचे तीनशेच्या पुढे जाते. शिवाय परदेशातून मागवल्यास वाहतूक आणि सीमाशुल्क यांचा भार निराळा. यांतली कोणती पाच-सात घेतली असता त्यांचे वाद्य होईल आणि कोणती घेतली असता नुसता ढीग होईल, हे त्यांच्या दर्शनी रूपावरून कळत नाही.

या वाद्याचा आरंभ १९६४ च्या सुमारास झाला. अमेरिकेत रॉबर्ट मोग यांनी हर्बर्ट डॉइच या संगीतकाराच्या साहाय्याने आपला पहिला नमुना त्या वर्षी सिद्ध केला. त्याच दशकात सॅन फ्रान्सिस्को येथे डॉन बुक्ला यांनी वेगळ्या विचाराने आपली रचना केली. ती यंत्रे कपाटाएवढी होती आणि त्यांची किंमत विद्यापीठांना व ध्वनिमुद्रणशाळांनाच झेपणारी होती. सामान्य माणसाच्या आवाक्यात ती आली ती विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, जर्मनीतील डीटर डेप्फर यांच्या ए-१०० या मालिकेमुळे. तिच्यातील मापे पुढे असंख्य उत्पादकांनी स्वीकारली आणि त्या पद्धतीला युरोरॅक हे नाव पडले. उंची १२८.५ मिलिमीटर, रुंदी मोजण्याचे एकक ५.०८ मिलिमीटर, त्याला एच.पी. म्हणतात, विद्युत्पुरवठा अधिक १२ आणि उणे १२ व्होल्ट, जोडतारांच्या टोकांचा व्यास ३.५ मिलिमीटर. ही मापे जुळली, की कोणत्याही कंपनीचे मॉड्यूल कोणत्याही पेटीत बसते.

या सर्व अवयवांची समान भाषा विद्युतदाबाची आहे. दाब एका व्होल्टने वाढला, की स्वर बरोबर एका सप्तकाने वर चढतो. सप्तकात बारा अर्धस्वर धरले, तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ८३ मिलिव्होल्ट येतात. जो दाब स्वर चढवतो, तोच दुसऱ्या छिद्रात नेला तर गाळणी उघडतो, तिसऱ्यात नेला तर आवाज मोठा करतो. कोणत्या दाबाने काय करावयाचे, हे तारेने ठरते.

लहानात लहान पूर्ण साखळी कशी असते, ते पाहिले म्हणजे निवडीचा पाया पक्का होतो. आरंभी ऑसिलेटर, म्हणजे दोलक. तो निरनिराळ्या आकारांचे तरंग देतो. करवतीच्या दात्यांसारख्या तरंगात मूळ स्वराचे सर्व उपस्वर असतात. चौकोनी तरंगात विषम क्रमांकाचे तेवढे असतात, म्हणून तो पोकळ वाटतो. तंबोऱ्याची जवारी लावताना जे उपस्वर खुलतात, तेच येथे कच्चा माल म्हणून हाती येतात. त्यानंतर फिल्टर, म्हणजे गाळणी. ती नको असलेले उपस्वर काढून टाकते. पुढे नियंत्रित प्रवर्धक, ज्याला व्ही.सी.ए. म्हणतात. तो दारासारखा आहे : दाब मिळाला की उघडतो, ओसरला की मिटतो. हे दार किती झपाट्याने उघडावे आणि किती सावकाश मिटावे, हे एन्व्हलप नावाचे मॉड्यूल सांगते. तबल्यावरची थाप आणि सारंगीवरचा गज यांच्या नादांत जो फरक आपल्या कानाला जाणवतो, त्याचा बराचसा भाग या उघडमिटीतच असतो. याशिवाय एक मंद दोलक लागतो. त्याची गती इतकी धीमी असते, की तो स्वतः ऐकू येत नाही, दुसऱ्या अवयवांना मात्र हेलकावे देतो. अखेरीस, कोणता स्वर केव्हा वाजवावा याची आज्ञा देणारे काही तरी हवे : स्वरपट्टी, किंवा ठरावीक स्वरमालिका फिरवीत राहणारा सीक्वेन्सर.

एवढी साखळी ध्यानात घेऊन नवशिक्यांची खरेदी पाहिली, तर ती कोठे चुकते हे चटकन कळते. जे वाजते ते डोळ्यांत भरते, म्हणून पैसा दोलकांवर आणि दिमाखदार प्रभाव-यंत्रांवर खर्च होतो. पेटीत चार दोलक येतात आणि व्ही.सी.ए. एकच, किंवा एकही नाही. परिणामी चार अखंड घोंगावणारे आवाज मिळतात; त्यांपैकी एकालाही थांबवता येत नाही, की आकार देता येत नाही. महिनाभरात हौस विरते आणि पेटी कपाटावर जाते. वास्तविक जी मॉड्यूले स्वतः वाजत नाहीत, तीच या वाद्याचे स्नायू होत. दाबाचे प्रमाण कमी करणारे ॲटेन्युएटर, अनेक दाब एकत्र करणारा मिक्सर, एका दाबाच्या अनेक प्रती देणारे मल्टिपल, आणि व्ही.सी.ए. : यांच्या जाहिराती कोणी भिंतीवर लावीत नाही, परंतु त्यांच्यावाचून पाऊल पुढे पडत नाही.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. स्वराला हलकेसे आंदोलन द्यावे, या हेतूने मंद दोलकाची तार सरळ मुख्य दोलकाच्या स्वर-छिद्रात खोचली, असे समजा. मंद दोलक सामान्यतः उणे ५ ते अधिक ५ व्होल्ट इतका हलतो. व्होल्टमागे एक सप्तक या हिशेबाने स्वर दहा सप्तके खालीवर धावेल; संगीत दूरच राहिले, भोंगा ऐकू येईल. सौम्य आंदोलनाला वीस-तीस मिलिव्होल्ट पुरतात. तेवढाच अंश पुढे जाऊ देणारा ॲटेन्युएटर मध्ये असला, तर ते साधते. त्याच्या जागी व्ही.सी.ए. ठेवला, तर आंदोलन स्वराच्या आरंभी नसून पुढे हळूहळू वाढत जाईल, अशीही योजना करता येते.

तेव्हा खरेदीपूर्वी पहिला सल्ला असा, की काही आठवडे खर्चच करू नये. व्हीसीव्ही रॅक या नावाची संगणक-प्रणाली २०१७ पासून विनामूल्य मिळते. तीत युरोरॅकच्या मॉड्यूलांची हुबेहूब प्रतिसृष्टी पडद्यावर उभी राहते, आणि तारा जोडण्याचे सर्व नियम तेच असतात. बटण हातात धरून फिरवण्याचा आनंद तीत नाही, हे खरे. पण आपला हात वारंवार कोणत्या मॉड्यूलकडे वळतो आणि कोणते आपण दोन दिवसांत विसरतो, हे तीत फुकट कळते.

दुसरा टप्पा अर्ध-मॉड्यूलर वाद्याचा. यात संपूर्ण साखळी एकाच पेटीत आतून जोडलेली असते, त्यामुळे एकही तार न लावता ते वाजते. बाहेरून तार खोचली, की आतली जोडणी बाजूला सरते. २०१५ साली मोग कंपनीने आणलेले मदर-३२ हे या जातीचे चांगले उदाहरण होय. त्यात एक दोलक, गाळणी, ३२ पायऱ्यांचा सीक्वेन्सर आणि ३२ छिद्रांची जोडपट्टी आहे. ते आपल्या आवरणातून काढून युरोरॅकच्या पेटीत बसवता येते आणि तेथे ६० एच.पी. जागा घेते. मेक नॉइज कंपनीचे २०१६ चे झिरो-कोस्ट हे मोग आणि बुक्ला या दोन्ही घराण्यांचे मिश्रण आहे : उपस्वर काढून टाकण्यापेक्षा साध्या तरंगाला घड्या घालून नवे उपस्वर निर्माण करण्याकडे त्याचा कल अधिक. असे एखादे वाद्य नवे किंवा वापरलेले घेणे, हे सुटी मॉड्यूले जमवण्यापेक्षा स्वस्त पडते. शिवाय पहिल्या दिवसापासून काही तरी वाजते. त्याच्या जोडीला पहिली भर म्हणून दुहेरी व्ही.सी.ए., ॲटेन्युएटरसह मिक्सर आणि एक जादा मंद दोलक घ्यावा. दुसऱ्या दोलकाची पाळी त्यानंतर येते.

भर घालावयाची म्हणजे पेटी आली, आणि पेटी म्हणजे विद्युत्पुरवठा आला. येथे काटकसर करणे महागात पडते. प्रचलित पेटीची एक ओळ ८४ एच.पी. असते. साध्या मॉड्यूलला ८ ते १० एच.पी. लागतात, यावरून किती मावतील, याचा अंदाज बांधता येईल. आज लागते त्याहून निदान तिसरा हिस्सा जागा मोकळी असावी, आणि ती रिकामी दिसते म्हणून घाईने भरू नये. प्रत्येक मॉड्यूल किती मिलिअँपिअर प्रवाह ओढते, हे उत्पादक छापतो. अधिक १२ आणि उणे १२ या दोन्ही बाजूंच्या बेरजा वेगवेगळ्या कराव्यात, आणि पुरवठ्याची क्षमता त्या बेरजेपेक्षा पाव पटीने तरी जास्त असावी. मॉड्यूल ज्या सपाट तारेने पुरवठ्याला जोडतात, तिच्या एका कडेला लाल रेघ असते. ती उणे १२ व्होल्टच्या बाजूस यावयास हवी. उलट जोडल्यास मॉड्यूल क्षणार्धात जळू शकते. हे काम दिवे लावून, पुरवठा बंद करून, दोनदा पाहून करावे.

रागसंगीत ऐकून कान तयार झालेल्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगावयास हवी. क्वांटायझर नावाचे एक मॉड्यूल पुष्कळ याद्यांमध्ये आवश्यक म्हणून दिलेले आढळते. कोणताही दाब जवळच्या अर्धस्वरावर नेऊन बसवणे, हे त्याचे काम. पण विद्युतदाब मुळात अखंड आहे. दोन अर्धस्वरांमध्ये तो कोठेही थांबू शकतो. अतिकोमल ऋषभ हवा असेल, तर बारा अर्धस्वरांचा क्वांटायझर त्याच्या आड येतो. मींड काढण्यासाठी लागते ते स्ल्यू नावाचे छोटे मॉड्यूल : दाबाची उडी ते उतारात बदलते, आणि उताराची लांबी बटणाने ठरते. त्याची किंमत बहुधा क्वांटायझरहून कमी असते.

काहींनी हे वाद्य घेऊच नये, असेही म्हणावे लागते. ज्यांना एका वेळी चार स्वरांचा मेळ हवा, त्यांना चार दोलक, चार व्ही.सी.ए. आणि चार एन्व्हलप लागतील; तेवढ्या पैशात उत्तम स्वरपट्टीचे तयार वाद्य येते. ज्यांना कालचा आवाज आज तसाच्या तसा हवा, त्यांचीही निराशा होईल. तारा उपटल्या, की जुळणी गेली. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली डेव्हिड ट्यूडर यांनी गीता साराभाई यांच्या सहकार्याने मोग सिंथेसायझरची स्टुडिओ उभारली होती. तेथे भारतीय संगीतकारांनी केलेले प्रयोग आज ऐकावयास मिळतात, ते केवळ त्या वेळी ते फितींवर मुद्रित झाले म्हणून. पॉल पर्गस यांना त्या फिती संस्थेच्या संग्रहात आढळल्या आणि २०२३ मध्ये त्यांतील निवडक भाग प्रकाशित झाला. म्हणून साधे का होईना, ध्वनिमुद्रणाचे साधन पहिल्या खर्चातच धरावे. मॉड्यूलचा संकेत घरगुती ध्वनियंत्राच्या संकेतापेक्षा पुष्कळ जोरकस असतो; तो उतरवणारे निर्गम-मॉड्यूल नसेल, तर मुद्रकाचे बटण अगदी खाली ठेवून सुरुवात करावी.

वापरलेले वाद्य घेताना मापांपेक्षा दाबाची भाषा आधी विचारावी. कोर्गचे १९७८ चे एमएस-२० आणि त्याची २०१३ ची छोटी आवृत्ती यांत सप्तकाचा हिशेब निराळा आहे : प्रत्येक सप्तकाला दाब दुप्पट व्हावा लागतो. बुक्ला पद्धतीत सप्तकाला १.२ व्होल्ट लागतात. अशा वाद्याचा युरोरॅकशी मेळ घालावयाचा तर मधे रूपांतरक हवा, अन्यथा एकाचा षड्ज दुसऱ्याला कळणार नाही.

डाखण देता येत असेल, तर सुटे भाग आणून मॉड्यूल घरी बांधण्याचा मार्गही खुला आहे, आणि त्यात बरीच बचत होते. आरंभ साध्या मल्टिपलने करावा. त्यात चार छिद्रे एकमेकांना जोडलेली असतात, एवढेच. विद्युत्पुरवठा लागत नाही, म्हणून डाख चुकला तरी काही जळत नाही, फार तर आवाज येत नाही. अशा मल्टिपलमधून स्वराचा दाब तीन-चार दोलकांना वाटला, तर तो किंचित खाली बसतो आणि स्वर उतरतो, हे मात्र ध्यानात ठेवावे. त्या कामासाठी पुरवठ्यावर चालणारा, बफर असलेला प्रकार घ्यावा. तालाचे ठोके आणि मंद दोलकाचे हेलकावे वाटण्यास घरी बांधलेला पुरतो.