घरची बाग (लेखांक सहावा) : पावसाळ्यानंतरची मशागत

मागील लेखांकात पावसाच्या पाण्याचा निचरा कसा साधावा याचे विवेचन केले होते. पुणे व घाटमाथ्याच्या पूर्वेकडील प्रदेशातून नैर्ऋत्य मोसमी पाऊस साधारणतः ऑक्टोबरच्या पूर्वार्धात काढता पाय घेतो आणि लागलीच आश्विनातील प्रखर उन्हाचा अंमल सुरू होतो. या दोहोंच्या दरम्यान जमिनीत वाफसा असतो असे जे मोजके दिवस मिळतात, ते रोपवाटिकेतून फुललेल्या झेंडूच्या कुंड्या आणून ओळीने मांडण्यात खर्ची पडतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. शोभेची तजवीज मागाहूनही करता येते. मातीची डागडुजी मात्र याच मुदतीत व्हावयास हवी.

चार महिन्यांच्या वर्षावाने जमिनीतील नत्र पाण्याबरोबर मुळांच्या आवाक्याखाली उतरून गेलेले असते, म्हणून हिरवळ ओल असूनही पिवळट दिसते. शिवाय ओल्या जमिनीवरील वर्दळीने वरचा थर चोपून बसतो व मुळांना हवा मिळेनाशी होते. अशा स्थितीत नुसता युरिया फेकणे हा अर्धाच उपाय होय. हरळी प्रथम बेताने, एका वेळी उंचीच्या एक-तृतीयांशाहून अधिक न छाटता कापावी, टोकदार पहारीने वीतवीत अंतरावर चार बोटे खोल छिद्रे पाडावीत, आणि चाळलेला पोयटा, वाळू व पूर्ण कुजलेले शेणखत यांचे मिश्रण, पात्यांची टोके वर दिसत राहतील इतके पातळ, पसरावे.

खरी कसोटी लव्हाळ्याची. त्याचे चकचकीत पाते उपटून आपण तंटा निकालात काढला असे माळ्यास वाटते. परंतु खुरप्याने वीतभर उकरून पाहिल्यास, वैद्यांना नागरमोथा म्हणून परिचित असलेल्या काळसर, सुगंधी गाठी धाग्यात ओवल्यासारख्या एकामागून एक हाती येतात, आणि वरचा कोंब तुटताच खालच्या निद्रिस्त गाठी अंकुरतात. सबब ओल आहे तोवर गाठींसकट सारी साखळी खणून काढावी, कडक उन्हात वाळवावी, व खताच्या खड्ड्यात कदापि टाकू नये. गाजरगवत, जे आपल्या देशात १९५० च्या दशकात प्रथम पुण्यातच नजरेस आले, ते फुलावर येण्यापूर्वी हातमोजे घालून समूळ उपटावे.

गुलाबाची छाटणी याच पंधरवड्यात, बाहेरच्या बाजूस वळलेल्या डोळ्याच्या किंचित वर तिरपा छेद देऊन करावी व छेदावर बोर्डो पेस्ट लावावी. साधारण ४५ दिवसांत फुले येतात. शेवंतीस मात्र आता कात्री लावू नये, कारण दिवस लहान होऊ लागताच ती कळ्या धरते.

पुढील लेखांकात हिवाळी हंगामी फुलांच्या वाफ्यांचा विचार करू. तत्पूर्वी वाचकांनी लव्हाळ्याचा बंदोबस्त पुरा करावा, ही विनंती.