पगार, व्यवसाय आणि गृहकर्ज

दरमहा ठरलेल्या तारखेला जमा होणारा पगार आणि त्याच्या जोडीला स्वतःचा छोटासा व्यवसाय, अशी दुहेरी मिळकत असणारी कुटुंबे आता अपवादात्मक राहिलेली नाहीत. दिवसा नोकरी करून सायंकाळी दुकानदारांचे हिशेब लिहिणारे, सुट्टीच्या दिवशी इमारतींचे नकाशे काढून देणारे, घरगुती खाद्यपदार्थ पुरवणारे असे कितीतरी ग्राहक शाखेत गृहकर्जाची चौकशी करण्यास येतात. दोन्ही मिळकतींची बेरीज व्हावी आणि त्या बेरजेवर कर्ज मिळावे, ही त्यांची अपेक्षा रास्तच आहे. बेरीज होतेही, मात्र ती ग्राहकाच्या मनातील आकड्यांची नसते, तर त्याने प्राप्तिकर विवरणपत्रात मांडलेल्या आकड्यांची असते. बहुतेक निराशेचे मूळ या फरकातच सापडते.

पगाराची साक्ष द्यायला मालक असतो. वेतनचिठ्ठी, करकपातीचे प्रमाणपत्र आणि खात्यातील जमा या तिन्ही गोष्टी एकमेकींशी जुळल्या की अधिकाऱ्याचे समाधान होते. व्यवसायाला असा साक्षीदार नसतो. म्हणून बँक सामान्यतः मागील दोन ते तीन वर्षांची विवरणपत्रे मागते, त्यांतील नफ्याची सरासरी काढते, आणि शेवटच्या वर्षी नफा घसरला असेल तर बहुधा तोच कमी आकडा धरते. येथे उलाढाल म्हणजे उत्पन्न नव्हे, हे ध्यानात ठेवावे. वर्षाला १५ लाखांचा माल विकणाऱ्याचा निव्वळ नफा दोन लाख असेल, तर हिशेबात दोन लाखच येतात. घसारा मात्र पुष्कळदा नफ्यात परत मिळवला जातो, कारण त्यापोटी प्रत्यक्षात पैसा बाहेर गेलेला नसतो.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एक बाई खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात प्राध्यापक आहेत. पगार दरमहा ६०,००० रुपये. संस्थेच्या लेखी परवानगीने त्या बांधकामाच्या आराखड्यांबाबत सल्लाही देतात आणि त्यातून वर्षाला सहा लाख रुपये येतात. अशा व्यावसायिकांना ठरावीक मर्यादेपर्यंत जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवून कर भरण्याची सोय कायद्यात आहे. त्या हिशेबाने व्यवसायाचे उत्पन्न तीन लाख, म्हणजे दरमहा २५,००० होते. हप्त्यासाठी एकूण मिळकतीचा निम्मा भाग धरला (हे प्रमाण बँकेगणिक बदलते) आणि व्याजदर समजण्यापुरता ९ टक्के घेतला, तर २० वर्षांच्या कर्जाला लाखामागे सुमारे ९०० रुपये हप्ता पडतो. ८५,००० रुपयांच्या निम्मे ४२,५००. त्यावर सुमारे ४७ लाखांचे कर्ज बसते.

पण समजा, सहापैकी धनादेशाने आलेले २ लाख ४० हजारच त्यांनी विवरणपत्रात दाखवले आणि उरलेली रोकड दाखवलीच नाही. मग व्यवसायाचे उत्पन्न उरते १ लाख २० हजार, म्हणजे महिन्याला १०,०००. हप्त्याची क्षमता ३५,००० आणि कर्ज सुमारे ३९ लाख. वीस टक्क्यांच्या दराने वर्षाला उपकरासह साधारण ३७,००० रुपये कर वाचला आणि घराच्या वेळी आठ लाख कमी पडले. कायद्याचा भंग झाला तो निराळाच. शिवाय ती लपवलेली रोकड स्वतःच्या वाट्याची रक्कम म्हणूनही उपयोगी पडत नाही, कारण त्या रकमेचा उगम विचारला जातो. घराच्या किमतीच्या किती टक्के कर्ज द्यावे याची कमाल मर्यादा रिझर्व्ह बँकेने घालून दिली आहे. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला ९० टक्के, त्यापुढे ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्याहून मोठ्या कर्जाला ७५ टक्के. मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च सामान्यतः या किमतीत धरत नाहीत. तो खिशातूनच करावा लागतो.

राहून गेलेले उत्पन्न नंतर दाखवण्यासाठी २०२२ पासून अद्ययावत विवरणपत्राची सोय झाली असून २०२५ मध्ये तिची मुदत चार वर्षांपर्यंत वाढली. तिला जादा कराची झळ आहे, आणि जितका उशीर तितकी ती अधिक. तथापि अर्जाच्या आदल्या महिन्यात एकदम भरलेल्या विवरणपत्रांकडे कोणताही कर्जअधिकारी भिंगातूनच पाहणार. घर घेण्याचा विचार मनात आला की दोन-तीन वर्षे आधीपासूनच विवरणपत्रे वेळेवर भरावीत, व्यवसायाचे खाते पगाराच्या खात्यापासून वेगळे ठेवावे, आणि दुकाने-आस्थापना नोंदणी (मुंबईत व इंदुरात जिला गुमास्ता म्हणतात) किंवा उद्यम नोंदणी करून घ्यावी. व्यवसाय किती वर्षे चालू आहे, याचा तो पुरावा ठरतो.

एक नाजूक बाब येथे लिहिणे भाग आहे. प्रत्येक नोकरदाराला व्यवसाय करण्याची मोकळीक नसते. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार शालेय शिक्षकांना खासगी शिकवणीस मनाई आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ व केंद्राचे १९६४ चे वर्तणूक नियम शासकीय कर्मचाऱ्यांना पूर्वपरवानगीवाचून व्यापार करू देत नाहीत. असे उत्पन्न बँकेने धरावे, हा आग्रह ग्राहकाच्याच अंगलट येऊ शकतो. पत्नीचा किंवा पतीचा व्यवसाय खरोखरच स्वतंत्र असेल, तर त्यांना सहकर्जदार करणे हा सरळ मार्ग आहे. नुसते नाव त्यांचे आणि काम आपले, असा बनाव मात्र करू नये.

व्यवसायासाठी काढलेल्या कर्जाचे आणि वाहनाचे हप्ते क्षमतेतून वजा होतात, हे ओघाने आलेच. दुसऱ्या उत्पन्नाची गरज नसली तरी ते अर्जात लिहावे, असे माझे मत आहे. खातेउताऱ्यात अनोळखी जमा दिसली की प्रश्न उभे राहतात आणि प्रकरण लांबते.

बांधकाम चालू असलेल्या घराचे कर्ज टप्प्याटप्प्याने दिले जाते. त्यात दोन-तीन वर्षेही जातात. त्या काळात धंदा जोर धरतो आणि नोकरी सोडावीशी वाटते. मंजुरी पगार गृहीत धरून झालेली असते, म्हणून राजीनामा देण्यापूर्वीच शाखेला लेखी कळवावे. उरलेले टप्पे केवळ व्यवसायाच्या उत्पन्नावर देता येतील का, हे बिल्डरची पुढची मागणी येण्याआधी तपासता येते.