पोळं दिसलं की काडी ओढू नका!

मागच्या महिन्यात सांगलीत आमच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीखाली आग्या माश्यांचं पोळं लागलं. ग्रुपवर मेसेज फिरला आणि त्याच रात्री पेटता टेंभा लावून पोळं जाळलं. सकाळी जिन्यात मेलेल्या माश्यांचा सडा. सगळे खूश. खोटं कशाला बोलू, मीही खूश होते.

मग आटपाडीला मामाकडे गेले. त्याने डाळिंबाचा बहार धरला होता. ‘फूल बक्कळ आहे गं, पण माशीच नाही, सेटिंग कुठून होणार?’ तो म्हणाला. तेव्हा मला आमचा जिना आठवला.

द्राक्षाचं माशीवाचून भागतं. डाळिंब, सूर्यफूल, कलिंगड, कांद्याचं बियाणं यांना मात्र मधमाशी हवीच. आणि मामा फवारा मारायचा सकाळी, म्हणजे माश्या फुलांवर असतानाच! इमिडाक्लोप्रिडसारख्या औषधांच्या उघड्या शेतातल्या वापरावर युरोपीय संघाने २०१८ मध्ये बंदी घातली. आपल्याकडे ती दुकानात सहज मिळतात.

आता शेजारच्या साताऱ्यात बघा. महाबळेश्वरजवळचं मांघर मे २०२२ मध्ये देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ झालं. तिथे सातेरी माश्यांच्या पेट्या पाळतात. पोळं पिळत नाहीत. फ्रेम यंत्रात फिरवून मध काढतात आणि पोळं पुन्हा पेटीत ठेवतात. माश्यांचा चारा म्हणजे जांभूळ, हिरडा अशी जंगलातली झाडं. वणवा लागला की मध गेला, त्यामुळे जंगल राखणं हा तिथे पोटाचा प्रश्न आहे.

तुम्ही काय कराल?

• पोळं उंचावर, कुणाच्या वाटेत नसेल तर राहू द्या. आग्या माश्या ऋतूप्रमाणे जागा बदलतात. धोका वाटला तर प्रशिक्षित मधपाळाला बोलवा. दगड, धूर, सेल्फी नको.

• घरी शेती असेल तर फुलोऱ्यात फवारणी टाळा. नाइलाज असेल तर संध्याकाळी, माश्या परतल्यावर करा. जवळपास कुणाच्या पेट्या असतील तर आदल्या दिवशी फोन करा.

• गॅलरीत तुळस लावा, तिला मंजिऱ्या येऊ द्या. पसरट ताटलीत पाणी आणि चार खडे ठेवा, म्हणजे माशी बुडत नाही.

मामा आता दिवस मावळल्यावर पंप काढतो. आमच्या टाकीखाली अजून नवं पोळं लागलेलं नाही. लागलं, तर ग्रुपवर पहिला मेसेज माझा असेल.