कंधारचा सोमदेव राजा आणि काकतीयांची कुलकथा

नांदेड जिल्ह्यातील कंधार हे गाव मराठी वाचकाला राष्ट्रकूटांमुळे आणि भुईकोट किल्ल्यामुळे ठाऊक असते. परंतु तेलुगू परंपरेने याच गावाला एक राजा, एक राणी आणि एक राजपुत्र दिला आहे, याकडे मराठीत फारसे लक्ष गेलेले नाही. ओरुगल्लू म्हणजे आजच्या वारंगळहून राज्य करणाऱ्या काकतीय घराण्याची सत्ता १३२३ मध्ये संपली आणि त्यानंतर रचल्या गेलेल्या चरित्रग्रंथांत, विशेषतः कासे सर्वप्पाच्या ‘सिद्धेश्वरचरित्रा’त, या घराण्याचा मूळपुरुष कंदारचा असल्याचे सांगितले आहे. हे कंदार म्हणजे मन्याड नदीकाठचे कंधार होय, असे मानले जाते.

कथा अशी : कटकचा राजा बल्लहुंडू याने कंदारच्या सोमदेवाची गुरे हाकून नेली, ती सोडवताना झालेल्या युद्धात सोमदेव मारला गेला आणि त्याची गर्भवती राणी सिरियालदेवी जीव वाचवून हनमकोंड्याला पोहोचली, जिथे माधवशर्मा नावाच्या ब्राह्मणाने तिला आसरा दिला. तिथेच जन्मलेला तिचा मुलगा माधववर्मा पद्माक्षी देवीकडून खड्ग आणि ढाल मिळवून मोठा झाला, त्याने वडिलांच्या वैऱ्याचा पराभव केला आणि गेलेले राज्य परत घेतले.

दंतिदुर्गापासून दुसऱ्या कर्कापर्यंतच्या राष्ट्रकूट राजांत सोमदेव नावाचा एकही राजा नाही; म्हणून ही कथा इतिहास ठरत नाही, तरीही ती निराधार म्हणून टाकून देता येत नाही. गोविंदपुरम येथील ११२३ च्या जैन शिलालेखात पोलवास येथील सामंत घराण्याने आपल्या माधववर्मा नावाच्याच पूर्वजाला यक्षेश्वरी या जैन देवतेच्या कृपेने सैन्यबळ लाभल्याचे नोंदवले आहे, म्हणजे कथेचा गाभा चरित्रग्रंथांहून बराच जुना आहे. गुरांसाठी झालेले युद्धही केवळ कविकल्पना नव्हे, कारण मराठवाड्यात गावोगावी आढळणाऱ्या वीरगळांवर, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांवर, अनेकदा खालच्या पट्टीत गाईंसाठीची झुंज, मधल्या पट्टीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आणि वरच्या पट्टीत शिवलिंगाची पूजा कोरलेली दिसते.

मग काकतीयांना पूर्वज कंधारचाच का हवा होता, या प्रश्नाचे उत्तर राष्ट्रकूटांच्या वैभवात आहे. ९५६ च्या सुमारास पूर्व चालुक्य राजा दानार्णव याने दिलेल्या मांगल्लू ताम्रपटात काकतीय कुळातील मानल्या जाणाऱ्या काकर्त्य गुंड्यनाच्या पूर्वजांची नावे ‘राष्ट्रकूट’ या पदासह येतात, त्यामुळे हे घराणे आरंभी राष्ट्रकूटांच्या सेवेत होते, असे अनेक अभ्यासक मानतात. त्याच काळात, म्हणजे ९३९ ते ९६७ दरम्यान राज्य करणाऱ्या तिसऱ्या कृष्णाच्या कारकिर्दीतील कंधारच्या शिलालेखात जगत्तुंगसमुद्र या तलावाचा उल्लेख आहे, आणि गावात सापडलेले क्षेत्रपालाच्या, म्हणजे स्थानरक्षक देवतेच्या, मूर्तीचे अवशेष इतके प्रचंड आहेत की नुसत्या पावलांवरूनही मूळ शिल्पाच्या भव्यतेची कल्पना येते.

लातूरची गोष्ट याहून वेगळी नाही. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या ८६६ च्या निलगुंद आणि सिरूर येथील लेखांत त्याला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’, म्हणजे लट्टलूर या श्रेष्ठ नगराचा स्वामी, असे बिरुद आहे; हे लट्टलूर म्हणजे लातूर, असे बहुतेक संशोधक मानतात, आणि बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीच्या रट्टांनीही पुढे हेच बिरुद अभिमानाने मिरवले. ग्रीक परंपरेतही असेच घडलेले दिसते : मॅसिडोनियाचे राजघराणे आपला वंश अर्गोसच्या टेमेनस या पुराणप्रसिद्ध राजाशी जोडत असे, आणि हिरोडोटसने दिलेल्या कथेनुसार अर्गोस सोडून आलेल्या तीन भावांपैकी धाकटा पर्डिक्कस परक्या राजाची शेळ्यामेंढ्यांसारखी लहान जनावरे राखत होता, त्यानेच पुढे राज्य स्थापले. दोन्हीकडे नव्या सत्तेने जुन्या, मानाच्या नगराकडून कुळाची प्रतिष्ठा घेतली.

म्हणून सोमदेवाची कथा एका राजाचे चरित्र म्हणून नव्हे, तर कंधारच्या कीर्तीचा पुरावा म्हणून वाचली पाहिजे : राष्ट्रकूट सत्ता लयाला गेल्यानंतरही, तेलुगू मुलखात या गावाचे नाव घेतल्याने राजवंशाला मान मिळत होता. ‘सिद्धेश्वरचरित्रा’तील हा कथाभाग सटीप मराठीत आणणे आणि कंधार परिसरातील मौखिक परंपरा त्याच्याशी ताडून पाहणे, हे काम मराठवाड्यातील इतिहास आणि भाषा विभागांनी एकत्र येऊन हाती घ्यावे.