पिकअप गाडीचे वायपर : दोष व दुरुस्ती

खामगांवास 1870 सालीं जलंबहून रेल्वेचा फांटा आला, आणि घाटावरचा कापूस बैलगाड्यांनीं खालीं उतरून तेथील बाजारास जाऊं लागला. आज जानेफळचा शेतकरी सोयाबीन, तूर व कापूस पिकअप गाडींत घालून मेहकरास किंवा खामगांवास नेतो. बैलगाडीस कांच नव्हती. पावसांत हांकणारा भिजे, पण वाट त्यास दिसे. मोटारींत बसणारा कोरडा राहतो, परंतु पुढली कांच पुसली गेली नाहीं तर तो आंधळा होतो. तासीं 60 किलोमीटर वेगानें चाललेली गाडी एका सेकंदांत सुमारें 17 मीटर, म्हणजे 55 फूट जाते. आश्विनांतल्या परतीच्या पावसांत, रात्रीं, समोरून ट्रकचा दिवा डोळ्यांवर येत असतां, मागें माल व त्यावर बसलेलीं माणसें घेऊन घाट उतरणाऱ्यास हे 55 फूट किती मोलाचे आहेत हें सांगावयास नको.

कांच पुसण्याच्या हातयंत्राचें पेटंट मेरी अँडरसन या अमेरिकन बाईंस 1903 सालीं मिळालें. ड्रायव्हरनें आंतून दांडी हलवावी व बाहेर रबरी पट्टी फिरावी अशी ती योजना होती. आपल्याकडे 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील 101 वा नियम, मोटारसायकलीसारखीं वाहनें वगळतां, पुढली कांच असलेल्या प्रत्येक वाहनास शक्तीवर चालणारा कार्यक्षम वायपर असावा असें सांगतो. तरीहि कर्णकर्कश भोंगे व रंगीबेरंगी दिवे यांवर खर्च करणारे मालक रबराच्या दोन पट्ट्या मात्र तीन तीन वर्षें बदलीत नाहींत!

वऱ्हाडांत वायपर बिघडतो तो बहुधा न वापरल्यानें. आठ महिने तो कांचेवर निजून असतो. वैशाखांतील ऊन रबरास कडक करतें व त्यास चिरा पाडतें. धूळ व सोयाबीनच्या मळणीचा भुसा त्याखालीं सांचतो. मृगाचे चार थेंब पडतांच मालक कळ दाबतो, आणि कोरड्या धुळीवर फिरलेली पट्टी कांचेवर कायमचे ओरखडे उठविते. म्हणून पहिली तपासणी कांच धुऊन, ओल्या कांचेवरच करावी. इंजिन बंद व किल्ली चालू असली म्हणजे आवाजहि नीट ऐकूं येतो.

वायपर फिरतो परंतु पाण्याच्या रेघा राहतात, असें असेल तर प्रथम ओल्या फडक्यानें रबराची धार पुसावी. फडकें काळें होईल. ती घाण गेल्यावरहि रेघा राहिल्या तर रबर संपलें असें समजावें व त्याच लांबीचीं नवीं पातीं आणावीं. पातें थरथरत, उड्या मारीत जात असल्यास कांचेवर तेलाचा पापुद्रा असतो किंवा दांडा पिळला गेलेला असतो. पहिल्यावर साबणाचें पाणी पुरे. दुसऱ्यासाठीं पातें काढून दांड्याचें टोंक कांचेशीं समांतर आहे का पाहावें.

वायपर अडतो किंवा मुळींच चालत नाहीं, तेव्हां आंतील रचना ठाऊक असावी लागते. कांचेच्या पायथ्याशीं, जाळीखालीं, 12 व्होल्टवर चालणारी एक लहान मोटर असते. तिच्या आंसावरील मळसूत्र एका मोठ्या दंतचक्रास फिरवितें, त्यामुळें वेग उतरतो व जोर वाढतो. चक्राच्या आंसास एक आखूड भुजा व तिला लोखंडी पट्ट्या जोडलेल्या असतात. यास मिस्त्री लिंकेज म्हणतात. त्यांचे सांधे गोळी व वाटी यांचे असून वाटी नायलॉनची असते. गोल फिरणें येथें हेलकाव्यांत बदलतें, व शेवटच्या दोन खुंट्या जाळीबाहेर येतात. त्यांच्या दांतेरी डोक्यांवर वायपरचे दांडे नटानें आवळलेले असतात.

आतां कळ दाबून कान द्यावा. मोटरचा आवाज येतो, पण एकच दांडा हलत नाहीं, तर त्या दांड्याचा नट ढिला झाला आहे. टोपी काढून तो आवळावा. दांड्याच्या भोंकांतील दांते झिजले असल्यास आवळणें चार दिवसच टिकतें, दांडाच बदलावा. दोन्ही दांडे स्वस्थ असतील तर बहुधा मोटरच्या भुजेवरील वाटी निसटलेली सांपडेल. नवी वाटी ग्रीस लावून दाबून बसविली कीं काम झालें. मात्र लिंकेजमध्यें हात घालण्यापूर्वीं किल्ली अवश्य काढावी. ही मोटर लहान दिसली तरी बोट चेंगरण्यास समर्थ आहे.

आवाजच नसेल तर फ्यूज पाहावा. त्याची जागा फ्यूज-पेटीच्या झांकणावर दर्शविलेली असते. फ्यूज जळला असल्यास तितक्याच अँपिअरचा नवा घालावा. त्या जागीं तांब्याची तार गुंडाळण्याची जी चाल आपल्याकडे आहे ती घातक आहे. अडकलेली मोटर नेहमींच्या कित्येक पट वीज ओढते. फ्यूज नसला तर ती वीज वायरचें वेष्टन वितळविते आणि डॅशबोर्डामागें आग लागूं शकते. नवा फ्यूजहि लगेच गेला तर दोष पुढें आहे. अशा वेळीं मोटरवरील वाटी उपटून लिंकेज सुटें करावें. मोटर आतां मोकळी फिरली तर ती निर्दोष. खुंट्या गंजून जाम झाल्या आहेत. त्या सोडवून, रॉकेलनें गंज काढून, ग्रीस भरून पुन्हां बसवाव्या.

फ्यूज शाबूत असून मोटर मुकी असेल तर कळ चालू ठेवून मोटरच्या प्लगाशीं टेस्ट-दिवा लावावा. दिवा न पेटल्यास दोष स्विचांत, रिलेंत किंवा तारेंत आहे. हें काम इलेक्ट्रिशियनकडे द्यावें. दिवा पेटला तर मोटरच्या अर्थिंगपासून बॅटरीच्या ऋण टोंकास एक तात्पुरती तार जोडून पाहावी. पुष्कळदां मोटर तेवढ्यानेंच चालू लागते, कारण अर्थिंगचा स्क्रू गंजलेला असतो. तरीहि चालली नाहीं, पण हलकेंच ठोकल्यावर क्षणभर फिरली, तर ब्रश झिजले आहेत. दोन गतींच्या बहुतेक मोटरींत तीन ब्रश असतात. म्हणून जलद गति चालते व मंद चालत नाहीं, एवढ्यावरून स्विचास दोष देऊं नये. असल्या प्रत्येक तक्रारीवर सबंध मोटर बदलण्याचा सल्ला देणारे मिस्त्री पुष्कळ आहेत. वरील पांच मिनिटांची परीक्षा त्यांच्यासमोरच करवून घ्यावी.

कळ बंद करतांच पातीं मध्येंच थांबत असतील तर मोटरच्या आंतील, पातें मूळ जागीं नेणारा संपर्क मळलेला असतो. झांकण उघडून तो घांसून स्वच्छ करावा.

गंजाचें मूळ बहुधा गाडी उभी करण्याच्या जागेंत असतें. अंगणांतील निंबाखालीं सावली उत्तम, परंतु त्याचा पाला जाळींतून आंत जातो, पाणी निघण्याचीं भोंकें बुजवितो, व मोटर त्या सांचलेल्या पाण्यांत बसते. रोहिणी निघण्यापूर्वीं जाळी काढून पाला उपसावा व वरून तांब्याभर पाणी ओतून तें गाडीखालीं गळतें कीं नाहीं हें पाहावें.