रिपोर्ट नॉर्मल, मग खुर्चीतून उठवत का नाही?

बाबांच्या पंचाहत्तरीला मुलं 'फुल बॉडी चेकअप'चं पॅकेज भेट देतात. रिपोर्ट येतो, सगळे आकडे चौकटीत. सगळे निर्धास्त. पण सोफ्यावरून उठताना बाबांना दोन्ही हात टेकावे लागतात, लोणच्याच्या बरणीचं झाकण नातवाकडून उघडून घ्यावं लागतं, याची नोंद कुठल्याच पानावर नसते. वयानुसार स्नायू आणि त्यांची ताकद घटण्याला 'सार्कोपेनिया' म्हणतात. हा शब्द १९८९ साली अमेरिकेतले डॉ. आयर्विन रोझेनबर्ग यांनी सुचवला. त्याभोवतीचे काही समज तपासून पाहू.

गैरसमज : रक्ताच्या तपासणीत स्नायूंची झीज कळते.
वस्तुस्थिती : एकट्याच्या बळावर हे निदान करू शकेल अशी रक्ततपासणी आज नाही. मायोस्टॅटिन, इंटरल्यूकिन-६, जीडीएफ-१५ अशा घटकांवर संशोधन सुरू आहे. पण शरीरातला दाह दाखवणारे घटक संधिवातात वाढतात, जंतुसंसर्गातही वाढतात. ते फक्त स्नायूंबद्दल बोलत नाहीत. निदानाची सुरुवात ताकदीपासून होते. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार हाताची पकड पुरुषांत २८ किलोपेक्षा, स्त्रियांत १८ किलोपेक्षा कमी भरली किंवा खुर्चीतून पाच वेळा उठून बसायला १२ सेकंद वा जास्त लागले, तर पुढची तपासणी करावी.

गैरसमज : क्रिएटिनिन कमी, म्हणजे किडनी ठणठणीत.
वस्तुस्थिती : क्रिएटिनिन तयार होतं ते मुख्यतः स्नायूंत, किडनी ते फक्त बाहेर टाकते. स्नायूच आटले असतील, तर क्रिएटिनिन मुळातच कमी बनतं. मग किडनी मंदावलेली असूनही आकडा छान दिसू शकतो. म्हणून कृश वृद्धांमध्ये डॉक्टर कधी कधी सिस्टॅटिन-सी तपासायला सांगतात. ते शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशी बनवतात, त्यामुळे स्नायूंच्या घटीचा त्यावर फारसा परिणाम होत नाही.

गैरसमज : सीपीके नॉर्मल आहे, म्हणजे स्नायू शाबूत.
वस्तुस्थिती : स्नायूंच्या पेशींना इजा झाली, की सीपीके रक्तात उतरतं. वर्षानुवर्षं हळूहळू होणाऱ्या घटीत ते बहुधा वाढतच नाही.

गैरसमज : वजन तेवढंच आहे, मग झीज कसली?
वस्तुस्थिती : काटा स्नायू आणि चरबी वेगळी मोजत नाही. मांड्या बारीक होतात, पोट सुटतं, वजन तिथल्या तिथे राहतं.

गैरसमज : व्हिटॅमिन डीचा तगडा डोस घेतला की पायांत बळ येतं.
वस्तुस्थिती : कमतरता असेल तर ती भरून काढायलाच हवी. पण जास्त म्हणजे चांगलं, असं नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या स्त्रियांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट देऊन पाहिले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांचं पडणं आणि हाडं मोडणं उलट वाढलं.

गैरसमज : या वयात आता काय स्नायू वाढणार!
वस्तुस्थिती : बोस्टनमध्ये ८६ ते ९६ वर्षांच्या दहा वृद्धांना पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला गेला. आठ आठवडे तो पूर्ण करणाऱ्यांची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली. हे संशोधन १९९० सालचं. नुसतं चालणं हृदयाला उत्तम, पण स्नायूंना भार लागतो. सोबत प्रथिनंही हवीत. वृद्धांसाठी तज्ज्ञ दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं सुचवतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. एका अंड्यातून मिळतात जेमतेम सहा; चहा-बिस्किटांतून तर नावालाच. किडनीचा आजार असेल, तर हे प्रमाण डॉक्टरांनाच विचारावं.

मग रक्ततपासणी वाया का? मुळीच नाही. थायरॉइड, मधुमेह, बी-१२ किंवा डीची कमतरता, रक्तक्षय ही अशक्तपणामागची कारणं तीच शोधून देते, आणि त्यांवर उपचार आहेत. पण पुढचं पॅकेज बुक करण्याआधी एक करा. भिंतीला टेकवून खुर्ची ठेवा, आपण शेजारी उभे राहा, आईबाबांना हात छातीशी घेऊन पाच वेळा उठायला-बसायला सांगा आणि घड्याळ लावा. जो आकडा येईल, तो रिपोर्टसोबत डॉक्टरांना दाखवा.