काडतुसांच्या पुंगळ्या : निवड व वर्गवारी

रायफलीच्या काडतुसाचे गोळी, दारू, प्रायमर व पुंगळी असे चार घटक असतात. यांपैकी पुंगळी तेवढी एका बारानंतर शिल्लक राहते व योग्य संस्कार करून पुन्हा भरता येते. हाताने भरलेल्या काडतुसांचा मारा अचूक होण्यासाठी पुंगळ्या निवडून त्यांचे सारखे गट पाडावे लागतात. या कामात प्रत्येक पुंगळी निर्दोष असण्याइतकेच गटातील सर्व पुंगळ्या परस्परांशी जुळणाऱ्या असण्यास महत्त्व असते.

धातू व घडण : पुंगळीचे पितळ सु. ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त यांचे असते. ही मिश्रधातू तन्य असल्याने पत्र्याच्या चकतीपासून टप्प्याटप्प्याने ओढून पुंगळी घडविता येते. ओढताना धातू कठीण होत जाते, म्हणून मधूनमधून अनुशीतन करतात. तयार पुंगळीचे बूड जाड व कठीण, तर मान पातळ व मऊ असते. बार होताच मान व भिंती फुगून नळीच्या मागील कोठीला घट्ट चिकटतात आणि वायू मागे येऊ देत नाहीत. दाब उतरताच त्या किंचित आकसतात, म्हणून पुंगळी बाहेर काढता येते.

पितळात अंतर्गत ताण उरला आणि त्याला अमोनियाचा संपर्क झाला, तर ते तडकते. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश सैन्याने हिंदुस्थानात पावसाळ्यात घोड्यांच्या पागांत साठविलेली काडतुसे अशीच तडकत. याचे कारण १९२१ मध्ये स्पष्ट झाले. पुंगळ्या साफ करण्यास अमोनियायुक्त द्रव वापरू नये, असे सांगतात ते यामुळेच.

बाद करणे : वर्गवारीपूर्वी सदोष पुंगळ्या वेगळ्या काढतात. मानेवर उभी चीर असलेली, प्रायमरचा खळगा सैल झालेली किंवा गंजाने खड्डे पडलेली पुंगळी टाकून देतात. बुडाच्या किंचित वर आडवे चकाकते कडे दिसल्यास तेथील भिंत ताणून पातळ झालेली असते. टोकाशी वाकविलेली बारीक तार आतून फिरविली असता त्या जागी खाच लागते. अशी पुंगळी पुढच्या बाराला दुभंगून सु. ४,००० वातावरणांपर्यंतच्या दाबाचा वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येऊ शकतो. ०·३०३ इंची ली-एनफील्ड रायफलीची कोठी सैलसर असल्याने तिच्या पुंगळ्यांत हा दोष विशेष आढळतो.

प्रायमरचा प्रकारही पाहतात. बॉक्सर पद्धतीत बुडाच्या मध्यभागी एकच ज्वालाछिद्र असते व जळालेला प्रायमर आतून दांडीने सहज ढकलता येतो. बर्डन पद्धतीत ऐरण पुंगळीतच घडविलेली असून दोन लहान छिद्रे असतात. तीमुळे पुनर्भरण कष्टाचे होते. खडकीच्या कारखान्यातील ०·३०३ इंची काडतुसे बर्डन पद्धतीची असत.

वर्गवारी : प्रथम बुडावरील छाप पाहून निर्माता, वर्ष व शक्य तर उत्पादनाचा गट यांनुसार पुंगळ्या लावतात. ‘केएफ’ हा छाप खडकीचा, तर ‘ओएफव्ही’ हा वरणगावचा होय. नंतर किती वेळा भरल्या यावरून उपगट पाडतात, कारण प्रत्येक बारागणिक मान कठीण होते व गोळीवरील तिची पकड बदलते. त्यानंतर लांबी सारखी कापून वजन करतात.

वजनाचे महत्त्व आतील घनफळामुळे आहे. ७·६२ मिमी. पुंगळीचे वजन सामान्यतः १० ते १२ ग्रॅ. असते. पितळाची घनता सु. ८·५ असल्याने बाह्य माप तेच राहून वजन १ ग्रॅ.ने वाढले, तर आतील सु. ३·६ घ. सेंमी. जागा जवळजवळ ३ टक्क्यांनी घटते. तेवढीच दारू घातल्यास दाब व वेग वाढतात. लष्करी पुंगळ्या बहुधा जाड असतात. नागरी पुंगळीसाठी ठरविलेली दारूची मात्रा तशीच त्यांत घालणे म्हणूनच धोक्याचे ठरते. मात्र जादा धातू बुडाच्या कडेतही असू शकते, त्यामुळे वजन हे घनफळाचे केवळ अप्रत्यक्ष माप आहे. शंका असल्यास पुंगळी रिकामी व पाण्याने भरून तोलतात. शेवटी मानेची जाडी चार बाजूंनी मोजतात. ती साधारणतः ०·३ ते ०·४ मिमी. असते, एका बाजूस ती जास्त असेल, तर गोळी नळीच्या अक्षाशी तिरपी बसते.

या श्रमांना मर्यादा आहे. सेकंदाला ८०० मी. वेगाच्या गोळीत १० मी.चा फरक पडल्यास ३०० मी. अंतरावर मारा उभ्या दिशेत सु. २ सेंमी. सरकतो. तेथील लक्ष्याचे सर्वांत आतले, दहा गुणांचे वर्तुळ १० सेंमी. व्यासाचे असते. स्पर्धकाला हा फरक जाणवतो. साध्या सरावासाठी एकाच उत्पादन-गटाच्या निर्दोष पुंगळ्या पुरेशा होतात.

महाराष्ट्रातील स्थिती : खडकी येथील दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये स्थापन झाला. वरणगाव येथील आयुध निर्माणी १९६४ मधील असून ती जालना जिल्ह्याच्या उत्तरेस लागून असलेल्या जळगाव जिल्ह्यात आहे. २०२१ पासून दोन्ही म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या शासकीय कंपनीकडे आहेत. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतुसे तयार करता येत नाहीत. पोलिसांच्या सरावानंतर झडलेल्या पुंगळ्या मोजून जमा कराव्या लागतात.

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत (जागतिक सुवर्णपदक, २०१०) व स्वप्नील कुसाळे (ऑलिंपिक कांस्यपदक, २०२४) यांच्या ५० मी. रायफल प्रकारांत ०·२२ इंची काडतूस वापरतात. त्याचे स्फोटक मिश्रण बुडाच्या कडेत भरलेले असते व बाराच्या वेळी ती कड चेपते. म्हणून ही पुंगळी पुन्हा भरत नाहीत. अशा वेळी नेमबाज निरनिराळ्या उत्पादन-गटांची काडतुसे स्वतःच्या नळीतून झाडून पाहतात आणि ज्या गटाचे छिद्रसमूह सर्वांत लहान येतात, त्याचाच साठा घेतात. साधन वेगळे असले, तरी एकसारखेपणाची निवड हे तत्त्व येथेही तेच राहते.